बोट ओळखणारी काच

केशराचं फूल कुणासाठी थांबत नाही. ऊन डोंगराच्या कडेवरून घसरत वावरात पोचलं की पाकळ्या उघडतात आणि आतल्या लाल काड्या कोमेजायला लागतात. म्हणून आमच्या गावच्या बायका थंडीच्या तोंडाशी, झुंजूमुंजू व्हायच्या आत टोपल्या घेऊन पायऱ्यांच्या वावरांत उतरतात. दोघींनी मिळून एक ओळ धरायची, एकीनं या टोकाकडून, दुसरीनं त्या टोकाकडून. खुडत खुडत मध्ये यायचं, पाठ सरळ करायची, दोन शब्द बोलायचे आणि पुढची ओळ धरायची, अशी इथली रीत.

त्या हंगामात लाल्ला इज्जा एकटीच खुडत होती; वयानं मोठ्या बाईला इथे मानानं लाल्ला म्हणतात. मुलांची शिकवणी घ्यायला मी रोज त्याच वाटेनं जातो, त्यामुळे मला ती दिसायची. ओळीच्या मध्यावर आली की सवयीनं थांबायची, कंबरेवर हात ठेवून समोर बघायची. समोर उरलेली अर्धी ओळ असायची. मग ती पुन्हा वाकायची.

तिची धाकटी बहीण यामना. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोन सख्ख्या भावांना. भाऊ लवकर गेले, बहिणी राहिल्या. इज्जाला मूलबाळ नाही. यामनाला एक मुलगा, अय्याद, तो कासाब्लांकाला फरशीच्या कारखान्यात असतो. त्या वर्षी बदामाला फुलं आली त्या दिवसांत यामनाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. अय्याद येऊन आईला घेऊन गेला. इथे डोंगरात डॉक्टर कुठला, त्याचंही बरोबरच होतं.

दर शुक्रवारी नमाजानंतर अय्यादचा फोन यायचा. इज्जाजवळ बटणांचा जुना फोन होता. तो घेऊन ती मळणीच्या खळ्यावर चढायची, कारण गावात तेवढ्याच जागी आवाज पोचतो. तिकडे अय्याद आईच्या कानाशी फोन धरायचा आणि इकडे इज्जा बोलायची. एकदा मी खळ्याजवळ होतो. तिनं बोलणं संपवलं तेव्हा विचारलं, तिकडून काय ऐकू येतं?

"श्वास," ती म्हणाली. "भाता चालल्यावानी नुसता श्वास. म्या सांगितलं, आपली चित्री शेळी मेली. तरी तसाच श्वास. आता ती रडली का गप बसली, मला कसं कळावं, मास्तर? अय्यादला इचारलं तर तो दर येळंला म्हणतो, आई बरी हाय."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला तोंड दिसणारा फोन पायजे."

गावच्या बायका बाजाराला जात नाहीत. कुणी बंदी घातलेली नाही, पण कुणी जातही नाही. सोमवारी पुरुष टेम्पोत बसून खाली जातात, बायकांनी सांगितलेली साखर, चहा, सुया, औषधं घेऊन येतात. इज्जाचं सामान हमाद आणायचा. हमाद तिच्या सासरच्या भावकीतला, वयानं पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. त्याला तिनं ठेवणीतलं केशर दिलं. आमच्याकडे बाईचं सोनं म्हणजे डब्यातलं केशर. नड पडेल तेव्हा थोडं थोडं विकायचं. ते विकून जे येईल त्यात बसेल असा सगळ्यात स्वस्त, तोंड दिसणारा फोन आण, एवढंच तिनं सांगितलं होतं.

हमादनं आणला तो फोन पाहून अख्खी आळी गोळा झाली. निळा, पातळ, तळहातापेक्षा लांब. पाठीमागे कॅमेऱ्याचे तीन डोळे. एवढ्या पैशांत एवढा मोठा कुणाला मिळाला असता, असं हमाद ज्याला त्याला विचारत होता. दगडावर पडला तर फुटू नये म्हणून त्यानं वरून जाड काचही चिकटवून आणली होती. सगळ्यांनी बोट लावून बघितलं. चित्रं सरकत होती, मोठी होत होती. मग फोन इज्जाच्या हातात दिला.

तिनं बोट लावलं. काही झालं नाही.

दाबून बघ, म्हणाले. तिनं दाबलं. हळू लाव, म्हणाले. तिनं हळू लावलं. कुणी म्हणालं हात धुऊन ये, ती धुऊन आली; ओल्या बोटानं चित्रं वेड्यासारखी पळाली आणि बोट सुकताच पुन्हा थंड. ऑलिव्हचं तेल लावून बघितलं, तेव्हा नुसती काच बरबटली. हमादनं सुरीच्या टोकानं वरची जाड काच काढून टाकली, तरी तेच. शेजारणीच्या तान्ह्या पोरानं हात मारला तर आतून गाणं वाजायला लागलं.

मी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. मुलांना अक्षरं गिरवायला लावताना मी पुष्कळ बोटं धरली आहेत, पण अशी बोटं क्वचितच. केशराच्या काड्या चिमटीनं ओढून ओढून, आयुष्यभर, टोकांची कातडी कोरडी, घट्ट आणि गुळगुळीत झालेली. त्यांवर रेष म्हणून राहिली नव्हती. ही काच बोटातला ओलावा आणि जिवंतपणा ओळखून चालते, असं मी तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी माझी बोटं मेलीत," ती म्हणाली.

तसं नाही, म्हणून मी पुष्कळ सांगितलं. लोक पांगले. ती फोन मांडीवर ठेवून उंबऱ्यात बसून राहिली. बहीण शहरात गेल्यापासून घरात कुणी नव्हतं, आता घरात आलेली वस्तूही तिला ओळख देत नव्हती.

पुढच्या सोमवारी तिनं सांगितलं की ती स्वतः बाजाराला येणार. हमादला ते लागलं. माझ्या बाजारात काय खोट होती, लोक म्हणतील हमादला एक फोन नीट आणता आला नाही, म्हणून म्हातारीला उतरावं लागलं, असं बरंच काही तो बोलला. आपण आपल्या खर्चानं बदलून आणतो, असंही म्हणाला. इज्जानं त्याला सगळं बोलून घेऊ दिलं.

"हमाद," ती शेवटी म्हणाली, "तू आणलास त्यात खोट न्हाई. पर काचंला बोट माझं लागणार हाय, तुझं न्हाई."

मला सोबत चल म्हणाली. टेम्पोत पोत्यांच्या आणि कोकरांच्या मध्ये ती डोक्याचं फडकं घट्ट ओढून बसली. एरवी वाटभर चेष्टामस्करी चालते. त्या दिवशी कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. बाजारात शिरताना तिनं माझ्या बाहीचं टोक धरलं. गर्दीत सगळे पुरुषच, आणि ती कुणाकडेही न बघता माझ्या टाचांकडे बघत चालली होती.

फोनचं दुकान बेल्‌ईदचं. पोरगेला, बोलका. त्यानं तिला स्टूल दिलं, पुदिन्याचा चहा मागवला आणि निळा फोन परत घेतला. खोकं उघडलेलं म्हणून थोडे पैसे कापणार, हेही सांगून टाकलं. मग खालच्या फळीवरचे फोन एकेक काढून तो गुण सांगायला लागला. याच्यात फोटो लाखभर मावतात. याला मागे चार डोळे आहेत.

"माझ्या मागं कोण बसलंय, चार डोळ्यांनी बगायला?" इज्जा म्हणाली. "म्होरचा डोळा दाव."

शेजारच्या मसाल्यावाल्याला हसू आलं. बेल्‌ईदही हसला आणि बोलायचा थांबला. त्यानंतर तिनं एकेका काचेवर बोट ठेवलं. न बोलता, घाई न करता, खरबूज निवडावं तशी. पहिल्या काचेनं दाद दिली नाही. दुसरीनं दिली आणि सोडली. तिसरीवर तिनं बोटाचं पेर, मग कड लावून पाहिली. फळी संपत आली. तिचा हात मांडीवर येऊन पडायचा, आणि दर वेळी उचलायला आधीपेक्षा उशीर लागायचा.

बेल्‌ईदनं खणातून रबरी टोकाची एक काडी काढली. ही घे लाल्ला, म्हणाला, बोट कशाला पाहिजे, हिनं कुठलाही फोन चालतो. तो निळाच परत ने, चित्र त्याचंच सगळ्यात स्वच्छ. मलाही ते पटलं. मी तसं म्हणालोसुद्धा.

इज्जानं काडी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि त्याला परत दिली.

"मुडद्याला ढोसल्यावानी बहिणीला काडी लावू व्हय मी?"

बेल्‌ईद मागच्या कोपऱ्यात गेला आणि धुळीनं भरलेलं एक खोकं घेऊन आला. त्यातला फोन विटेसारखा जाड, काळा, कडांना रबर. हा विहिरी खणणारे आणि गवंडी नेतात, म्हणाला. त्यांच्या हातांना चुना असतो, हातमोजे असतात, म्हणून याची काच तशीच केलेली आहे. पण लाल्ला, तुला आधीच सांगतो, काच लहान आहे आणि तोंड जरा धुरकट दिसतं.

तिनं बोट ठेवलं. चित्र सरकलं. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा सरकलं. मग दुसऱ्या हाताचं बोट, मग अंगठा, मग दहाही बोटं लावून बघितली. तिच्या तोंडावर काही उमटलं नाही, फक्त चहाचा पेला तिनं तेव्हा उचलला. तोवर तो गार झाला होता.

थोडी रक्कम कमी पडत होती. तिनं कमरेच्या पिशवीतून केशराची पुडी काढली. बेल्‌ईदनं तराजू न काढता चिमूटभर घेतलं आणि बाकीचं परत बांधून दिलं.

परतीच्या टेम्पोत हमादनं तो फोन हातात तोलून बघितला. यानं भिंतसुद्धा बांधता येईल, म्हणाला. पण मग स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून त्यानं तो तिच्याजवळ दिला.

पुढचे दिवस संध्याकाळी मी तिला शिकवायला बसलो. अक्षर येत नाही, म्हणून चित्रांवरून शिकवायचं. हिरवं गोल दिसलं की उचलायचं, लाल गोल दाबलं की संपलं. अय्यादच्या नावापुढे आम्ही त्याचा फोटो लावला. ती चुकायची, मी पहिल्यापासून सांगायचो. एकदा तिनं चुकून स्वतःचाच फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसली. ही कोण म्हातारी, असं तिनं विचारलं नाही, पण मला वाटतं तेच तिच्या मनात होतं.

शुक्रवारी ती खळ्यावर गेली तेव्हा मीही गेलो, काही अडलं तर असावं म्हणून. जरा लांब, दगडी बांधावर बसलो. फोन वाजला. तिनं हिरवं गोल दाबलं, एका झटक्यात.

आधी अय्याद दिसला. मावशी, दिसतेय का, दिसतेय का, असं तो म्हणत होता. मग चित्र हललं, एक भिंत गेली, एका खिडकीची जाळी गेली, आणि यामना आली.

धुरकटच होती. पण तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली होती हे मला लांबून कळलं, आणि गाल गेले होते. आई बरी आहे, असं अय्याद इतके दिवस सांगत होता. यामनानं काचेत बहिणीला पाहिलं, आणि बघता बघता तिचा डावा हात वर आला. डोक्यावरचं फडकं तिनं खाली ओढलं आणि तोंडावर धरलं. वाकडं झालेलं तोंड तिला दाखवायचं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही.

अय्याद मागून म्हणाला, अगं आई, असं काय करतेस, मावशी आहे, काढ ते. तो तिचा हात बाजूला करायला गेला.

"अय्याद," इज्जा म्हणाली, "हात लावू नगंस तिला."

तिनं स्वतःच्या फडक्याचं टोक ओढलं, नाकापर्यंत आणलं आणि दातांत धरलं. फोन जरा वर उचलला. आता काचेच्या दोन्ही बाजूंना डोळे तेवढे राहिले.

बऱ्याच वेळानं यामनाचे डोळे बारीक झाले, कडांना सुरकुत्या जमल्या. इज्जाचेही झाले. खाली वावरातून बायका गवताचे भारे घेऊन वर चढत होत्या, खळ्याशी येऊन थबकत होत्या आणि मी हातानं खूण केली की वळसा घालून पुढे जात होत्या.

मग पैसे संपले असावेत, काच काळी झाली. इज्जानं दातांतलं टोक सोडलं आणि माझ्याकडे वळली.

"हासली, मास्तर," ती म्हणाली. "म्या बगितलं."