निफाडची सहल

प्रभाग समितीच्या सभापतीची निवडणूक आली की आमच्याकडे नगरसेवकांना सहलीला नेतात. विरोधकांनी फोडू नये म्हणून लपवून ठेवतात, पण म्हणायचं सहल. २००३ साली नाशिकरोडकडच्या आमच्या प्रभाग समितीत आघाडीचे आम्ही नऊ जण होतो, त्यांत पाच बायका. सगळ्यांना निफाडजवळ एका द्राक्षबागेतल्या बंगल्यावर नेऊन कोंडलं.

आमचे नेते सोमनाथअण्णा फार हुशार. बायका फुटत नाहीत, फुटतात त्यांचे नवरे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आमच्या वतीनं सभेत बोलायचे नवरे, सही कुठं करायची ते दाखवायचे नवरे. म्हणून अण्णांनी नवऱ्यांना घरीच ठेवलं आणि आमचे मोबाईल काढून घेतले. एवढा हुशार माणूस, पण इथंच फसला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाचजणी पाहुण्यांसारख्या अवघडून बसलो. वर्षभर सभेत शेजारी बसत होतो, पण धड बोललो नव्हतो. खाली पुरुषांचे पत्ते रंगले होते. इथं स्वयंपाक नव्हता, धुणं नव्हतं, कुणाला विचारून बोलायचं नव्हतं. मला तर चैनच पडेना. तेवढ्यात मालनबाईंनी द्राक्षांचे घड मध्ये ठेवले आणि विषय काढला.

"माझ्या वार्डातून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत्यात. वीज तिथंच बनती, अन् आमच्या गल्लीत एक दिवा नाय. पोरी कामावरून सुटल्या की भिंत चाचपत घरी येत्यात. आमचे मालक सभेत हे बोलतील म्हणून वरीसभर वाट पाह्यली. ते आपलं गटाराचंच बोलत्यात."

"मग तुम्ही का नाही बोलत?" मी विचारलं.

"तू बोलती का, सरिता?"

मी घाईनं एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग जे हसू फुटलं, ते आवरेना. विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मालनबाई, सभापतीच व्हा. मग बोलावंच लागंल." थट्टा म्हणून निघालेलं ते बोलणं झोपेपर्यंत पक्कं झालं.

सकाळी चहाच्या वेळी अण्णांनी आमच्या नऊ जणांतल्याच आपल्या पुतण्याचं, चंदरचं नाव जाहीर केलं. मालनबाई उठल्या. "अण्णा, तुमी नेहमी म्हणता बहुमतानं ठरवू. मीबी उभी ऱ्हाते."

आमचे पाच हात वर गेले. अण्णांनी चहा बशीत ओतला आणि प्यायचा विसरले. विरोधकांकडे सात मतं होती. आम्ही रुसलो असतो तर चंदर पडलाच असता.

"तुमच्या मालकांना विचारायला हवं," अण्णा कसंबसं म्हणाले.

"कसं इचारणार? फोन तुमच्याकडंच हायेत," मालनबाई म्हणाल्या.

चंदरलाच आधी हसू आलं.

मालनबाई निवडून आल्या. त्यांच्या पहिल्या सभेला त्यांचे मालक, बारकूभाऊ, सवयीनं शेजारच्या खुर्चीत बसले आणि घसा खाकरून बोलायला उठले.

"अवो, तुमी मागं बसा," मालनबाई म्हणाल्या. "पहिला इषय दिव्यांचा हाय. तो मी मांडणार."

त्यांनी बोलणं शेवटपर्यंत नेलं. दिवे मंजूर झाले. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. मागच्या रांगेतून आमचे हे मला खाणाखुणा करत होते. मी तिकडं पाहिलं नाही. हात वर केला आणि म्हटलं, "सभापती, मलाही बोलायचंय."