फेईसाहेबांचे गुडघे

“अजून वाकव,” ताओ म्हणाला.

हान कुंभाराने ओल्या मातीच्या पुतळ्याची मान अंगठ्याने आणखी खाली दाबली. वीतभर उंचीचा दरबारी अधिकारी, हात बाह्यांत गुंतवलेले, चेहरा हुबेहूब ताओच्या कचेरीतल्या वरिष्ठाचा, फेईसाहेबांचा.

“रावसाहेब, आणखी वाकवला तर भट्टीत तोंडावर आपटेल.”

“आपटू दे. जन्मभर तो बसला आणि मी समोर उभा. का, तर म्हणे गुडघे दुखतात. माझे काय लाकडाचे होते? आता माझ्या थडग्यात त्यानं उभं राहायचं. कायमचं.”

लोयांगमधला शहाणा माणूस आपल्या थडग्याचे सामान, सोबत पुरायचे मातीचे नोकर-घोडे, डोळ्यांदेखत करून घेतो. पोरांवर सोपवले तर घोडासुद्धा तीन पायांचा मिळतो. म्हणून कचेरीतून निवृत्त होताच ताओ इथे येऊन बसू लागला. त्याच्या हुद्द्याला वीतभरापेक्षा मोठा पुतळा मंजूर नव्हता, याचे आधी त्याला वाईट वाटले होते. मग साहेब बुटका होणार हे ध्यानात आले आणि तो खूश झाला.

हात धुवायला तो भिंतीकडे वळला आणि थबकला. भट्टीतून निघालेला एक मातीचा अधिकारी तिथे उभा होता. झगा हिरवागार, उंची छातीइतकी, भुवईवर ठसठशीत तीळ. ताओचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला.

“हे कुणाच्या थडग्याचं काम?”

“फेईसाहेबांच्या. त्यांच्या हुद्द्याला एवढा उंच चालतो. मागं काठी टेकत आले, दिवसभर बसून राहिले. तो तीळ चारदा हलवायला लावला.”

“म्हणजे खालीही मला राबवणार.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, राबवायला नव्हे रे. ताओ जवळ नसला की माझं पान हलत नाही. तिकडं नव्या माणसाशी कुठं जमवून घेऊ?”

ताओला एकदम भरून आले, आणि भरून आले म्हणून स्वतःचा रागही आला. तो परत ओल्या पुतळ्यापाशी आला.

“हान, याला बसलेला कर.”

“अधिकारी आणि बसलेला? आजवर कुणी मागितला नाही.”

“मी मागतोय. त्याचे गुडघे खरंच दुखतात.”

“मग थडग्यात उभं कोण राहणार, रावसाहेब?”

त्या वीतभर साहेबासमोर, हात बाह्यांत गुंतवून, ताओ आधीच उभा होता.