क्लाराचं पयलं लेकरू

सकाळपासून सालोमी ओट्यावर मुळ्याच्या जुड्या बांधत होती. मी, शेजारची प्रिस्का, मदतीला बसले होते. आत तिचं दोन महिन्यांचं पोर रडून लालबुंद झालं. ती उठली, तशी सासू क्लारा आडवी आली.

"पाज आनि पालन्यात ठेव. त्याला घेऊन आडवी होऊ नको."

हे रोजचंच. रात्री पाच-सहा वेळा सालोमी उठायची, खुर्चीत पेंगत पाजायची, पोर परत पाळण्यात ठेवायची. डोळे खोल गेले होते तिचे, दूधही आटत चाललं होतं. पण क्लाराला बोलणार कोण? चाळीस वर्षांमागं तिचं पहिलं लेकरू तिच्या कुशीत गेलं होतं. झोपेत अंगाखाली आलं, असं सासरच्यांनी ठरवलं आणि अख्ख्या गास गावानं मानलं. कुणाच्या बाप्तिस्म्याला गेली, तरी तान्हं पोर तिच्या हातात कुणी देत नसे.

त्या दिवशी विनिता आली. मुंबईच्या कॉलेजातली पोरगी. आया तान्ह्यांना घेऊन कशा झोपतात, कशा पाजतात, याचा ती अभ्यास करायची. सालोमीचं लिहून झालं, तसं तिनं क्लाराला विचारलं, "काकी, तुमचं बाळ कुठं झोपायचं?"

क्लारा ओट्यावर टेकली. मग त्या रात्रीचं सगळं एका दमात बोलली.

विनितानं हळूच विचारलं, "बिछान्यात अजून कोण होतं?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हा." क्लारानं ओट्याच्या टोकाला बसलेल्या नवऱ्याकडं, फ्रेडरिककडं, बोट केलं. "सनाची दारू पिऊन आलेला. आमच्या अंगावरच पडला."

"प्यालेला माणूस जवळ झोपला, तर बाळाला मोठा धोका असतो," विनिता म्हणाली. "पण तेव्हा नेमकं काय झालं, ते आता नाही सांगता येणार, काकी."

"मला काय आठवत नाय," फ्रेडरिक पुटपुटला.

"तुला आठवायची पालीच आली नाय," क्लारा म्हणाली. "मला गावानं रोज आठवन करून दिली."

तो उठला आणि मान खाली घालून वाडीत निघून गेला.

क्लारानं पोर उचललं, सालोमीच्या कुशीत दिलं. "नीज याला घेऊन. आनि तुजा नवरा पिऊन आला, तर भायेर निजंल. स्टीवनला मी सांगते."

सालोमी आत खाटेवर आडवी झाली. पोर चुपूचुपू पिऊ लागलं आणि जरा वेळानं दोघांचा डोळा लागला.

क्लारा मात्र दुपार होईस्तोवर खाटेशी बसून होती, पोराच्या पोटावर नजर लावून. ते खालीवर होतंय ना, बघत.