पडदा कुणाबरोबर सरकतो

गायत्रीनं पोस्टच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं ठोकली, त्यातलं एक खोडलं आणि मजकूर गटावर टाकला. मग दारातल्या बाकावर ताटकळलेल्या दोन म्हाताऱ्यांकडं वळून ती म्हणाली, "सातबारा आज निघत न्हाय, अण्णा. सर्व्हर बंद हाय. उद्या सकाळी या."

म्हातारे कुरकुरत उठले. लोहाऱ्याच्या तहसीलसमोरच्या त्या संगणक केंद्रात दुपारी तीन वाजता दोघी बहिणीच उरल्या. धाकटी शिवानी शेजारच्या संगणकावर तीच पोस्ट वाचत होती.

विषय होता 'आयर्न कॅनियन' नावाच्या मारामारीच्या गेमचा. डेक्स आणि नोरा ही जोडगोळी एका दरीतून शत्रूंना लोळवत डावीकडून उजवीकडं जायची, एवढीच त्याची गोष्ट. वीस वर्षांनी कंपनीनं तो नव्यानं काढला आणि मराठी चाहत्यांच्या गटात अकराशे माणसं हमरीतुमरीवर आली. जुन्या गेममध्ये दोघं कायम एकाच पडद्यावर असायची. नव्यात ती एकमेकांपासून लांब गेली, की पडदा मधोमध दुभंगतो आणि ज्याची वाट त्याला वेगळी दिसते. वाशीचा कुणी अमरसिंह याला सोय म्हणत होता, गायत्री पाप म्हणत होती. गटात तिच्या शब्दाला वजन होतं. नवा गेम तिनं अजून खेळला नव्हता, पण तेवढ्यानं कुणाचं मत अडत नाही.

"'खांद्याला खांदा लावून चालणं हाच तर खरा गेम होता,'" शिवानीनं मोठ्यानं वाचलं. "असं लिवलंस?"

"मग? एका कीबोर्डवर दोघी न्हवतो का बसत आपण?"

बसत होत्या, हे खरंच होतं. त्यांचे वडील चन्नबसप्पा तेव्हा याच जागेत टायपिंगचा क्लास चालवत. दुपारी मुलं गेली, की एका खुर्चीवर दोघी. बारा वर्षांची गायत्री बाणांच्या बटणांवर डेक्स चालवायची आणि सात वर्षांची शिवानी दुसऱ्या टोकाला नोरा. शिवानी फार कच्ची, सारखी मरायची. "थांब अक्का, थांब" असं ओरडत मरायची, म्हणून घरात तिचं नावच थांबूबाई पडलं होतं. गायत्री हे अजूनही प्रत्येक लग्नाकार्यात सांगे आणि पाहुणे हसत.

वडील गेल्यावर केंद्र गायत्रीनं सांभाळलं, आई शांताक्कांचं दुखणं-खुपणं पाहिलं, शिवानीला पुण्यात शिकवलं. तिथली नोकरी सुटून शिवानी चार महिन्यांपूर्वी घरी आली, तेव्हा तिचंही गायत्रीनंच मार्गी लावायचं ठरवलं. शेजारचा गाळा रिकामा होता. त्यात शिवानीनं फोटो आणि झेरॉक्सचं काम सुरू करायचं, मधली भिंत थोडी फोडायची, म्हणजे दोघी एका नजरेत. गाळ्याचे मालक गुंडप्पाकाका आज चारला पक्का शब्द घ्यायला येणार होते. शिवानी याबद्दल एकदा "बघू" म्हणाली होती. गायत्रीच्या हिशेबी तो होकार होता.

"खेळून तरी बघ की आधी," शिवानी म्हणाली. पुण्याहून आणलेले गेम खेळायचे दोन रिमोट तिनं जोडले. नवा गेम तिनं कालच उतरवून घेतला होता.

गायत्रीनं नाक मुरडलं, पण बोटं शिवशिवत होतीच. डेक्स घेऊन ती सवयीनं उजवीकडं सुटली. दोन टोळ्या लोळवल्या, पूल ओलांडला, आणि पडदा मधोमध चिरला. डाव्या अर्ध्या भागात नोरा एका कड्यावर चढत होती. वर एक पडकं ठाणं होतं, पलीकडं नदी होती.

"कुठं चाललीस तिकडं? इकडं ये ना. सगळे इकडं हायत."

"असू दे."

"एकटी मरशील."

"मरत न्हाय गं." शिवानीनं कड्यावरच्या दोघांना सावकाश, एकेक करून खाली ढकललं. तिचा हात चांगलाच तयार होता. गायत्री आपला डेक्स सोडून तिकडंच बघत राहिली.

"लई सुधारलीस. आधी किती कच्ची होतीस!"

शिवानीनं रिमोट मांडीवर ठेवला.

"कच्ची न्हवते, अक्का. जुन्या गेमात पडदा डेक्सबरोबर सरकायचा. तू पुढं पळायचीस. जी कडेला राहील तिचा जीव जायचा."

"मग सांगायचं न्हाय का तसं?"

"सांगत होते की. थांब थांब म्हणत होते."

हा नियम गायत्रीला माहीत नव्हता असं नाही. पडदा डेक्सबरोबर सरकतो, तेव्हा नोरा खेळणाऱ्यानं चपळ असावं, असं नवख्यांसाठी तिनं स्वतः गटावर लिहिलं होतं. दोनशे जणांनी त्यावर अंगठे दिले होते. चपळ नसलेली ती सात वर्षांची पोर मात्र तिला तेव्हाही दिसली नव्हती. गायत्रीला एकदम लाज वाटली. ती लपवायला तिनं टेबलावरचे अर्ज उगाच सारखे केले.

"राग हाय का तुला?" तिनं विचारलं.

"गेमचा?" शिवानी जराशी हसली. "न्हाय. मला बी मजा यायची. तू बाजूला असायचीस ना."

हे ऐकून गायत्रीला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

चारला दहा मिनिटं असताना गुंडप्पाकाका टोपी सारखी करत आत आले. शिवानीच्या खुर्चीमागून वाट काढत थेट गायत्रीच्या टेबलापाशी उभे राहिले.

"काय मग पोरी, ठरलं का? न्हायतर मला दुसरं गिऱ्हाईक बघाय लागंल."

गायत्रीच्या ओठांवर 'ठरलं' आलं होतं. शिवानी पडद्याकडं बघत अगदी गप्प बसली होती, मोठी माणसं बोलत असताना लहान पोरं बसतात तशी. गायत्रीनं शिवानीकडं बोट केलं.

"मला न्हवं, काका. तिला विचारा. गाळा तिच्यासाठी हाय."

गुंडप्पा वळले. वीस वर्षं ते या घरात येत होते, पंगतीला बसत होते, शिवानी पाणी आणून देत होती. त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि जरा अवघडून विचारलं, "तुझं नाव काय गं, पोरी?"

"शिवानी," ती उठून उभी राहिली. "आणि गाळा नको मला, काका. लातूरला एका दातांच्या लॅबमध्ये काम मिळालंय, खोट्या दातांचे आकार कंप्युटरवर काढायचं. सोमवारी जाणार."

लातूरचं गायत्रीही आत्ताच ऐकत होती. तिनं काकांपुढं खुर्ची सरकवली आणि त्यांना बसा म्हणाली.