दुर्गाबाईंचा पाय

दुर्गाबाई पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. यात त्यांचं कर्तृत्व काय, असं कोणी विचारू नये. पायाळू माणसानं दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण पळते असं आपल्याकडे मानतात, आणि हिवरखेडात तर अर्ध्या गावानं तो पाय कमरेवर घेऊन पाहिला होता. माणूस वाकडातिकडा होत यायचा, ओसरीवर पालथा पडायचा, बाई तीनदा पाय टेकवायच्या, आणि चार दिवसांत गडी शेतात. बहुतेकांची उसण चार दिवसांत आपसूकच उतरते, हे सांगायला गावात कोणाला वेळ होता?

नवी नवरी होऊन त्या या घरात आल्या तेव्हा त्यांना कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. सासरे पुंजाजी सुनेशी बोलायचे ते भिंतीकडे पाहून. एकदा त्यांनाच उसण भरली आणि सुनेसमोर पालथं पडायची वेळ आली. दुर्गाबाईंनी डोळे मिटून पाय लावला, आणि मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून लगेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आठवडाभरात पुंजाजी पारावर बसून सुनेचं कौतुक करू लागले. तेव्हापासून घरात त्यांचा शब्द चालायला लागला. पुढे परतवाड्याहून जीप करून माणसं यायला लागली. बाई कोणाचा चहासुद्धा घेत नसत. मान मात्र पुरेपूर घेत.

मग सीमाची कंबर धरली. सीमा त्यांची सून, विपुलची बायको आणि लहानग्या पिंकीची आई. पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलताना कळवळली आणि तशीच वाकलेली राहिली. दुर्गाबाईंनी पाय लावला. चार-पाच दिवसांत सीमा सरळ झाली, तशी बाईंनी शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून वं, गुन आला ना?"

"हो आई, बरं हाये."

दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कापूस वेचताना, मग नुसतं शिंकल्यावर. दर वेळी ओसरी, दर वेळी पाय, दर वेळी "बरं हाये".

विपुलला काही हे पटेना. एका संध्याकाळी तो चुलीपाशी येऊन म्हणाला, "आई, इले अकोल्याले फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेतो. सारखं सारखं होऊन राहिलं हे."

"ने ना बाप्पा, ने," दुर्गाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "परतवाड्याचे लोकं माह्या दारात येतात, अन् माह्या घरची सून अकोल्याले जाते. लोकाइले सांगजो, बुढीच्या पायात आता दम नाही."

नको असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत आणि ताटावरून अर्धपोटी उठल्या. तिसऱ्या दिवशी सीमानंच नवऱ्याला सांगितलं, "मले बरं हाये. राहू द्या ते अकोला."

अशी दोन वर्षं गेली. दुर्गाबाईंना दिसत नव्हतं असं नाही. सीमा भिंत धरून उठते, केर काढता काढता मधेच थांबून डोळे मिटते, हे सगळं दिसत होतं. दिसलं की त्या काहीतरी काम काढून परसात जात.

मग एका दुपारी सीमाच्या खोलीतून धपकन आवाज आला. दाराला आतून कडी. दुर्गाबाईंनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. सून हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवी झाली होती, एक पाय मागे ताणला होता आणि सगळं अंग थरथरत होतं. समोर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, त्यात कोणी बाई सांगत होती की श्वास रोखू नका.

"सीमे! हे काय करून राहिली वं?"

सीमा दचकून झटक्यात उठली आणि तिथेच कंबर आवळली. भिंतीला धरत धरत तिनं कडी काढली. चेहरा घामानं भिजला होता.

दुर्गाबाईंना आधी रागच आला, खोटं कशाला सांगायचं? मोबाइलवर भरवसा हाये अन् सासूवर नाही, हे वाक्य अगदी ओठांवर होतं. पण सीमानं जमिनीवर हात टेकले, हळूहळू अंग खाली सोडलं आणि ती पालथी पडली.

"लावा आई," ती म्हणाली. "पाय लावा. बरं वाटते मले."

दुर्गाबाईंचा पाय सवयीनं उचलला गेला. तेवढ्यात त्यांना दिसलं की सीमानं पदराचं टोक दातांत घट्ट धरलं आहे. ही पोरगी बरं वाटावं म्हणून पडली नव्हती. सासूला वाईट वाटू नये म्हणून पडली होती. आजच नाही, दर वेळी. दुर्गाबाईंना आपल्याच पायाची अशी लाज वाटली की तो कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "विपुलले फोन लावतो मी. उद्या अकोल्याले जाऊ."

दुसऱ्या दिवशी विपुलनं मित्राची गाडी आणली. अकोटच्या पुढे रस्त्यात खड्डा आला की सीमा श्वास धरायची आणि दुर्गाबाई खिडकीबाहेर पाहायच्या.

दवाखान्याच्या बाकावर गल्लीतलीच सत्यभामा बसली होती. हिच्या कमरेला दुर्गाबाईंनी मागच्याच महिन्यात पाय लावला होता आणि हिनं गावभर गुण गायले होते. दुर्गाबाईंना पाहून तिनं आधी पदर तोंडावर ओढला, मग म्हणाली, "मी... जावयाच्या गुडघ्यासाठी आली होती."

जावई कुठं दिसत नव्हता. कंबरपट्टा मात्र सत्यभामेच्या लुगड्यावर चांगला जाड दिसत होता. एरवी दुर्गाबाईंनी तिला तिथंच सोलून काढली असती. आज त्यांनीच नजर खाली घातली. अशा किती जणी ओसरीवर आपला मान राखून मग चोरून इकडे येत असतील, कोण जाणे. सीमाला मात्र तेवढंही जमलं नव्हतं.

आत आकांक्षा मॅडम होत्या, अमरावतीच्या, वयानं सीमाएवढ्याच. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा येतो का, लघवीला त्रास होतो का, असं त्यांनी एकेक विचारलं. तसलं काही नव्हतं. मग सीमाला निजवून पाय उचलून पाहिले, पाठ चाचपली. घरी काय करता तेही विचारलं, तेव्हा सीमानं मोबाइलवरच्या व्यायामाचं सांगितलं.

"किती दिवसांपासून आहे हे?"

सीमानं सासूकडे पाहिलं. "चार महिने झाले असतीन."

"चार महिन्यांचं वाटत नाही. खरं सांगा, त्यावरून पुढचं ठरवायचं आहे मला."

खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता आणि पडद्यापलीकडे सत्यभामा बसली होती. इथं बोललेलं आपल्या आधी हिवरखेडात पोचेल, हे दुर्गाबाईंना ठाऊक होतं. तरी त्या मोठ्यानं बोलल्या.

"दोन वर्षं झाली मॅडम. ती खोटं बोलून राहिली, माह्यासाठी. मी पायाळू हावो. मीच पाय लावत होती. तिले कायी गुन नाही आला. पोरगा इकडं आनत होता, मीच आनू देल्लं नाही."

पडद्यापलीकडे बाक करकरला.

मॅडम रागावल्या नाहीत. उसण उतरते तेव्हा दुखणं थांबतं, पण पाठीतली ताकद परत येत नाही, म्हणून ते फिरून फिरून येतं, असं त्यांनी सांगितलं. पडून राहू नका, रोज चाला. गुंड उचलायचा तो गुडघ्यांत वाकून, अंगाशी धरून. मोबाइलवरचा व्यायाम वाईट नाही, पण तो पुढचा आहे. आपण अगदी हलक्यापासून सुरू करू, मी पाहीन आणि मग वाढवू. काही महिने लागतील, पण फरक पडेल.

"माह्या पायानं बिघडलं का, मॅडम?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"पायानं नाही, काकू. पण सीमाताई आधी आल्या असत्या तर इतकं सोसावं लागलं नसतं."

पायानं बिघडलं असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पायाळू जन्मणं काही आपल्या हातात नसतं. चुलीपाशी बसून ते टोमणे मारणं, ताटावरून उठणं, ते सगळं मात्र दुर्गाबाईंनी स्वतः केलं होतं.

"आता मला सांगा सीमाताई," मॅडम म्हणाल्या, "काय काय करताना दुखतं?"

सीमानं पुन्हा सासूकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी मान हलवली.

"सकाळी उठताना दुखते," सीमा म्हणाली. "भाकरी करताना, केर काढताना. पिंकीले उचलता येत नाही, तर तिले म्हनते, तू आता मोठी झाली. ती रडते. अन् कूस बदलताना तर दात आवळून घेते मी, आई बाजूच्या खोलीत ऐकतीन म्हनून." मग तिनं विचारलं, "सांगू का आई, अजून?"

"सांग," दुर्गाबाई म्हणाल्या. "सगळं सांग माय."