काटा हलला नाही, जकात माफ!

मी बोलतोय, सीमेवरच्या जकातनाक्याचा वजनकाटा. दचकू नका. अंगभर गंज चढलाय, पण वाचा अजून शाबूत आहे. मला न्यायला भंगारवाला येणार आहे, त्याच्याआधी तुम्ही आलात हे बरं झालं.

मला इथे जमिनीत बसवलं, वर ट्रक मावेल एवढा लोखंडी पाट टाकला आणि शेजारच्या खोलीत खिडकीशी माझी तबकडी लावली. परदेशी माल पाटावर चढायचा, तबकडीवरचा काटा सरकायचा आणि वजनावर जकात ठरायची. अशा नाक्यांवरच सरकारची निम्मी तिजोरी भरायची. आमच्या रस्त्याच्या टोकाचं सरकारी प्रसूतिगृहही त्याच पैशांवर चालायचं.

काटेवाला माझा धनी. जिभेनं फटकळ, मनानं लोणी. त्यानं एक रीतच पाडली होती. प्रसूतिगृहातून बाळ घरी निघालं की आधी माझ्या पाटावर यायचं. त्याला कुशीत घेऊन धनी स्वतः उभा राहायचा आणि खिडकीतून तबकडीकडे बघायचा. मी पडलो ट्रक तोलणारा. दोघांच्या भारानं माझं काय हलणार? मग तो ओरडायचा, "काटा हलला नाही, जकात माफ! न्या घरी!" बाळंतिणी पोट धरून हसायच्या. त्याची स्वतःची लेकही अशीच माफीत घरी गेली होती.

एके दिवशी राजधानीतून साहेब आले.

"जगाशी करार झालाय, काका. परदेशी मालावरची जकात उठली."

"मग तिजोरीत काय पडणार, साहेब?"

"बाहेरचे कारखाने येतील ना! त्यांना काही वर्षं कर माफ केलाय. नाही केला तर ते शेजारच्या देशात जातात."

"म्हणजे मालाला माफ आणि मालकालाही माफ. मग भरणार कोण?"

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "भरू की आपण सगळे, थोडं थोडं."

ट्रक न थांबता धडधडत जाऊ लागले. नव्या करानं साबण महागला, काडेपेटी महागली, तरी तिजोरीचं भोक बुजेना. सरकारनं बाहेरून कर्ज काढलं. सावकार म्हणाले, आधी खर्च कापा. धन्याची नोकरी गेली आणि प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. त्याच्या लेकीचे तेव्हा दिवस भरत आले होते.

कळा सुरू झाल्या तेव्हा भाड्याचा टेम्पो तिला घेऊन माझ्यावरूनच शहराकडे गेला. तिचं कण्हणं मी ऐकलं. "जरा दम धर गं बाळा, पोचलोच," धनी म्हणत होता. शहर लांब होतं. लेक वाचली. बाळ वाटेतच गेलं.

तेव्हापासून रिकाम्या पाटावर मला भार जाणवतात. कधी न थांबलेल्या ट्रकांचे, कधी त्याहून खूप हलके. मला त्यांची भीती वाटते.

धनी रोज दुपारी येतो. पाटावर उभा राहतो, हात छातीशी वळवून, कुशीत काहीतरी असल्यासारखे. तबकडीकडे बघतो. काटा हलत नाही. ते जुनं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येतं आणि तिथेच थिजतं.

काल तो असाच उभा राहिला आणि माझा काटा हलला. मी हलवला नाही. माझी खीळन् खीळ गंजून घट्ट बसली आहे, मी काय हलवणार? पण तो सरकला, केसभर.

धनी कितीतरी वेळ बघत राहिला. मग कुशीतल्या त्या रिकामेपणाला थोपटत हळूच म्हणाला, "साहेबांना सांगा कुणीतरी. जकात भरली म्हणावं आम्ही."

काटा अजून शून्यावर परतलेला नाही. मला खुशाल भट्टीत घाला, माझी तक्रार नाही. तेवढा तो बोटानं मागे सारू नका.