मास्तरांची बॅटरी

जगात काही माणसं अशी असतात की त्यांच्यावाचून सगळं ठप्प होतं. निदान त्या माणसांची तशी पक्की खात्री असते.

मास्तरांची तर होतीच. साबणाच्या कारखान्यात ते बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते आणि मास्तर हे नाव त्यांना पडलं ते कोणालाही काहीही न शिकवल्यामुळे. हाताखाली सहा जण आले, सहाही गेले. शेवटचा जाताना म्हणाला होता, "मास्तर, तुमच्याकडून एक गोष्ट मात्र शिकलो. तुमच्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही."

मास्तरांचं राज्य तसं लहानच. मिक्सरच्या मागे एक लोखंडी कपाट, कपाटात तीस वर्षांपूर्वीचा कंट्रोलर, आणि कंट्रोलरच्या डाव्या टोकाला त्याचा प्रोसेसर: जाडजूड वहीएवढा करडा डबा, तोंडावर चार बारके दिवे. कुठला व्हॉल्व कधी उघडायचा, साबणाचा घाणा किती वेळ ढवळायचा, त्याची लादी कुठे कापायची, हे सगळं त्या डब्याला ठाऊक. हा डबा बनवणाऱ्या कंपनीने तो बनवणं कधीच सोडून दिलं होतं. त्यातला प्रोग्रॅम जिवंत राहायचा तो आतल्या अंगठ्याएवढ्या बॅटरीवर. वीज बंद असताना बॅटरीनेही मान टाकली की डबा कोरा. म्हणून बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवूनच.

हे गुपित मास्तरांना आधीच्या फोरमनने निवृत्तीच्या दिवशी, दार लोटून, हलक्या आवाजात सांगितलं होतं. "हे जपलंस तर तुला इथून कोणी हलवणार नाही." सांगताना फोरमन हसला होता. मास्तरांना वाटलं, माया.

त्यांनी जपलं. दर वर्षी ट्रान्सफॉर्मरच्या सफाईसाठी कारखान्याची वीज दोन दिवस बंद व्हायची. बाकी सगळे घरी पाय पसरून झोपायचे. मास्तर छोटा जनरेटर आणून कपाटाला वेगळी वायर जोडायचे आणि स्टूल टाकून राखणीला बसायचे. बॅटरी नवी असली तरी. बॅटरीचा काय भरवसा? अशाच एका सफाईत त्यांची आई हॉस्पिटलमध्ये दोन दिवस त्यांचं नाव घेत होती. मास्तर जनरेटर परत करून पोहोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. बहीण म्हणाली, "दादा, तुझा डबा बरा आहे ना?" त्यानंतर ती अकरा वर्षं बोलली नाही.

बायको बोलायची. तिला तो पर्याय नव्हता.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा मास्तरांनी मॅनेजरसाहेबांकडे दोन वर्षांची मुदतवाढ मागितली.

"कशाला त्रास घेता या वयात?" साहेब म्हणाले. "नवीन इंजिनिअर येतायत. त्यांना सगळं समजावून सांगा."

नवीन इंजिनिअर म्हणजे चाळिशीतल्या एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात, हातात स्वतःची वही. पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांना चहा पाजला आणि सांगून टाकलं की नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलाय, ही नोकरी टिकणं फार गरजेचं आहे, तेव्हा काका, काही हातचं राखू नका.

"छे छे," मास्तर म्हणाले. "देव बघतो सगळं."

पुढचे दोन महिने त्यांनी बाईंना कारखान्यातले सगळे पंखे दाखवले. कपाटापाशी नेलं ते एकदाच.

"काका, याच्या प्रोग्रॅमची कॉपी कुठे असते?"

"असते."

"कुठे?"

"बाई, चालत्या गाडीचं चाक काढून बघतात का कोणी?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कॉपी होती मास्तरांच्या घरी, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, एका फ्लॉपीवर. ती वाचणारा लॅपटॉपही घरीच, बायकोच्या साड्यांखाली.

शेवटच्या दिवशी साहेबांनी छोटं भाषण केलं, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि मास्तरांचं आडनाव चुकवलं. टाळ्या झाल्या. मग मास्तर "एकदा निरोप घेतो" म्हणून कपाटाकडे गेले. डोळ्यांत पाणी असेल म्हणून कोणी मागे गेलं नाही. मास्तरांनी वीज चालू ठेवून, अगदी नियमाप्रमाणे, चांगली बॅटरी काढली आणि ड्रॉवरमध्ये पडलेली सहा वर्षांपूर्वीची मेलेली बॅटरी तिच्या जागी बसवली. बॅटरीचा लाल दिवा लागला. त्यावर त्यांनी नखाएवढी काळी टेप चिकटवली, हाताने नीट दाबली, कपाट बंद केलं आणि बाहेर येऊन दोन समोसे खाल्ले.

हिशोब सरळ होता. सहा आठवड्यांनी सफाई. वीज जाणार, डबा कोरा होणार, साबण बंद. बाईंची नोकरी जाईल, पण त्याला इलाज नाही. साहेब स्वतः गाडी घेऊन दारात येतील. मास्तर आधी नाही म्हणतील. मग दोन वर्षं, वेगळी केबिन, फिरती खुर्ची.

सफाई संपून वीज येणार त्या सोमवारी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"कुठे नाही. बोलावणं येईल."

"वरून?"

मास्तरांनी फोन जवळ ओढला. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला फोन वाजला. मास्तरांनी तीन वेळा वाजू दिला. लगेच उचलला तर किंमत राहत नाही.

"मामा, मी बोलतोय." भाचा होता. "आईला काल ॲडमिट केलंय. डॉक्टरांनी आशा सोडलीय. सारखं दादा दादा करतेय. लगेच निघा."

"अकरा वर्षांनी आठवला होय दादा?"

"मामा, प्लीज."

"बघतो. आता ठेव, मला फोन मोकळा ठेवायचाय."

फोन मोकळा राहिला. दिवसभर, अगदी मोकळा.

बायको दारात उभी होती. "कोणाचा होता?"

"राँग नंबर."

मंगळवारी सकाळी मास्तरांना राहवेना. बंद मिक्सरभोवती गर्दी झाली असेल, साहेबांना नंबर सापडत नसेल, शंभर कारणं असतात. त्यांनी बिस्किटांचा डबा पिशवीत घातला, लॅपटॉप घातला. फोनचा आवाज बंद केला, कारण साहेबांशी बोलताना मध्येच वाजलेला बरा दिसत नाही. हॉस्पिटल डावीकडे होतं. रिक्षा उजवीकडे गेली.

फाटकावरच्या वॉचमनने त्यांना व्हिजिटरच्या वहीत नाव लिहायला लावलं. "काम?" या रकान्यात मास्तरांनी लिहिलं: तातडीचं.

आत शिरताच साबणाचा वास आला. ताजा. मिक्सर फिरत होता. कटरवरून लाद्या पडत होत्या, एकसारख्या, नेहमीच्या मापाच्या.

"या काका!" बाई कपाटापाशीच होत्या. "बरं झालं आलात, मला विचारायचंच होतं तुम्हाला."

"वीज... गेली नव्हती का?"

"गेली होती की. दोन दिवस. काल सकाळी चालू केली तर दहा-बारा सेकंद बिघाडाचा लाल दिवा लुकलुकला, मग आपोआप हिरवा. म्हटलं हे काय, म्हणून दुपारच्या सुट्टीत डबा बाहेर काढून बघितला." बाईंनी चष्मा लावला. "आत एक मेमरी चिप आहे काका. बॅटरी मेली तरी वीज आली की प्रोग्रॅम त्या चिपमधून आपला आपण चढतो. अकरा सेकंद लागतात. चिपवर कागद चिकटवलाय. फोरमन म्हणून सही आहे, बावीस वर्षांपूर्वीची तारीख आहे आणि खाली लिहिलंय: आता कशाची काळजी नाही."

मास्तर स्टुलावर बसले. त्यांचंच स्टूल होतं.

"तुम्हाला बोलले नाहीत ते?"

"नाही."

"कमाल आहे." बाईंनी वही उघडली. "आणि ही टेप होती दिव्यावर. आतली बॅटरी सहा वर्षांपूर्वीची निघाली, तारीख तुमच्याच अक्षरात. घाईत चुकून जुनी बसली असणार, नाही का?"

"हो. चुकून."

"तेच म्हटलं मी साहेबांना. माणूस आहे, चुकतो." कटरवरचा कामगार खाली मान घालून लाद्या मोजू लागला, त्याचे खांदे हलत होते. "एकच कळलं नाही बघा. इथले लोक म्हणतात तुम्ही दर वर्षी जनरेटर लावून इथे बसायचात. दोन-दोन दिवस. मग ते कशासाठी?"

बाईंनी पेन सरसावून ठेवलं होतं. त्यांना खरंच लिहून घ्यायचं होतं.

मास्तरांनी खिशातून फोन काढला, निदान कुठेतरी बघायला मिळावं म्हणून. भाच्याचे चार मिस्ड कॉल होते. तीन दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, चौथा नऊ वाजून दहा मिनिटांनी. आता साडेदहा होत आले होते. त्यानंतर एकही नव्हता.

"बॅटरी बदलली का?" त्यांनी विचारलं.

"मागवू की सवडीने," बाई म्हणाल्या.

ती अजून बदललेली नाही.